वाद मुंबईचा, निवाडा पारावरचा

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहिले आहे की घरची शेती सांभाळून तुम्ही तालुक्याच्या साप्ताहिकात दर पंधरवड्याला नट-नट्या, खेळाडू आणि त्यांच्याभोवती उठणारे वाद यांवर लिहिता. गावातली जाणती मंडळी ‘त्यापेक्षा कापसाच्या भावावर लिही’ असे सुनावतात, आणि नागपूरचा तुमचा एक मित्र म्हणतो की मुंबईत कुणाशी ओळखदेख नसताना तिथल्या माणसांवर लिहिणे म्हणजे ऐकीव गोष्टींना तिखट-मीठ लावणे आहे. अशा लेखनाला इथे बसून काही अर्थ आहे का, माहिती कशी पडताळावी, आणि तुमच्याच गावात रील करणाऱ्या एका मुलीवरून जो गदारोळ चालला आहे त्यावर लिहावे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. याच जिल्ह्यात मी हे काम बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मित्राचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. एखाद्या नटाच्या घरात काय घडले हे तुम्हाला दारव्ह्यातून कळणार नाही. पण ते नागपुरातून कळत नाही आणि वांद्र्यात राहणाऱ्या बहुतेकांनाही कळत नाही. ज्यांना कळते ते सहसा लिहीत नाहीत. मात्र वाद एकदा गावात आला की तो त्या नटाचा राहत नाही. पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर, निंदणाला गेलेल्या बायांच्या बोलण्यात, रात्री पारावर त्याचा निवाडा होतो, आणि तो निवाडा कोणत्या मोजमापाने झाला, कुणाला दोषी धरले आणि कुणाला सहज सोडून दिले, हे तिथे बसलेल्या माणसालाच लिहिता येते. माझ्या मते आपल्यासारख्यांचा विषय हाच आहे. नट बरोबर की चूक हा नव्हे.

उदाहरण घेऊन सांगतो. सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू १४ जून २०२० रोजी झाला. पुढचे तीन-चार महिने वृत्तवाहिन्यांवर त्यांच्या मैत्रिणीवर, म्हणजे रिया चक्रवर्ती यांच्यावर, जो खटला चालला तो कोणत्याही न्यायालयातला नव्हता. त्यांनी त्याला नादी लावले, पैसे उकळले, करणी केली, असे आरोप दिवसभर चालत. त्या काळात टाळेबंदीमुळे गावातली पोरे घरीच होती आणि पेरणीचे दिवस होते. कंपन्यांचे सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी कृषी कार्यालयांत तक्रारी घेऊन जात होते. तरीही संध्याकाळी बोलणे निघे ते त्या मुलीचेच. मी ते बोलणे ऐकत होतो आणि त्यातला एकही शब्द मला नवा वाटत नव्हता. ज्या घरात कर्त्या पुरुषाने फवारणीचे औषध पिऊन जीव दिला आहे त्या घरातल्या बाईबद्दल तेराव्याच्या आधीच जे बोलले जाते, ते शब्दाला शब्द तेच होते: हिनेच काहीतरी केले असेल, आदल्या दिवशी भांडण झाले होते म्हणतात, ही आली तेव्हापासून त्याचे वाईटच झाले.

आपल्याकडे याला सरकारी कागदाचीही जोड आहे. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवताना जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, नापिकी झाली होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, त्याचा तगादा होता का, हे पाहिले जाते. चौकशीला माणसे घरी येतात तेव्हा दारू आणि घरगुती भांडण हे प्रश्न आपोआप निघतात, आणि ओसरीवर बसलेले दीर, चुलतसासरे, शेजारी त्या बाईच्या देखत उत्तरे देतात. एक लाखाच्या मदतीसाठी तिला नवऱ्याचे कर्जही सिद्ध करावे लागते आणि स्वतःचे वागणेही. ज्याने ही ओसरी पाहिली आहे त्याने २०२० मधली ती चर्चा पाहिली तर त्याला सांगण्यासारखे असे काही सुचेल जे मुंबईच्या स्तंभलेखकाला सुचणार नाही. त्यासाठी रिया यांना ओळखण्याची गरज नाही, आणि त्या निर्दोष आहेत असे आपल्या अधिकारात जाहीर करण्याचीही गरज नाही.

याच विषयातली एक जबाबदारी मात्र आपल्या जिल्ह्यात दुप्पट आहे. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येवर लिहिताना ती कशी केली याचा तपशील लिहू नये, एकच कारण ठामपणे सांगू नये, मथळ्यात तिला सुटका किंवा शौर्य असे रूप देऊ नये. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे अशा सूचना स्वीकारलेल्या आहेत. तुमचे साप्ताहिक ज्या घरांत जाते त्यांतल्या काही घरांच्या कोठ्यात औषधाचा डबा आणि सोसायटीची नोटीस दोन्ही असतात, हे लिहिताना डोक्यात असू द्या.

आता पडताळणीकडे येतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तो आहे. आपल्याला बातमी शोधायची नसते, त्यामुळे आपले काम तुलनेने सोपे असते: जे नोंदीत आहे तेवढेच वस्तुस्थिती म्हणून लिहायचे आणि बाकीचे आरोप म्हणून, आरोप करणाऱ्याच्या नावासह. तक्रार, गुन्हा नोंद, अटक, जामीन, आरोपपत्र, दोषसिद्धी या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि गावात, तसेच बहुतेक वाहिन्यांवर, त्या सगळ्यांचा अर्थ ‘केलेच असणार’ असा एकच लावला जातो. मी एका वहीत ज्या वादावर लिहिले त्याची पुढची हकीकत टिपत जातो. त्याच वहीत आहे की रिया चक्रवर्ती यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात ८ सप्टेंबर २०२० रोजी अटक झाली, ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला, त्याच महिन्यात एम्सच्या तज्ज्ञांनी खुनाची शक्यता नाकारली, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. शाहरुख खान यांचे पुत्र आर्यन खान यांना अशाच प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये अटक झाली आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्यांचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. यातली पहिली तारीख गावात सगळ्यांना ठाऊक असते, शेवटची कुणालाच नाही. म्हणून एक नियम पाळावा असे मी सांगतो: ज्या वादाच्या सुरुवातीवर लिहिले त्याच्या शेवटावरही लिहायचे, मग संपादक म्हणो की आता तो विषय शिळा झाला. माझ्याकडे त्या मार्चच्या लेखाला आलेली पत्रे पहिल्या लेखापेक्षा फार कमी होती, पण विचारपूर्वक लिहिलेली होती.

अब्रुनुकसानीची भीती तुम्ही व्यक्त केली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे; खरे असणे आणि लोकहितासाठी असणे हा बचाव आहे, पण नुसते ‘सगळेच म्हणतात’ हा बचाव नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कोणत्याही परिस्थितीत छापू नका. एवढे पाळले तर घाबरण्याचे कारण नाही.

कापसाच्या भावावर लिही म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे? कापसाच्या भावावरही लिहा, पण वेगळ्या लेखात. विदर्भातल्या लेखकाच्या हाताशी एक आयते वाक्य सदैव तयार असते: तिकडे नटीच्या लग्नात कोटींची उधळण आणि इकडे माझा शेतकरी गळफास घेतो. मला या वाक्याचा मनापासून कंटाळा आहे. ते ऐकून टाळ्या पडतात, पण त्यात लग्नाबद्दलही काही नसते आणि शेतकऱ्याबद्दलही नसते. मेलेल्या माणसाचा उपयोग दुसऱ्याला टोमणा मारण्यासाठी केलेला असतो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले, तेव्हा लिहिण्यासारखे पुष्कळ होते: कोणती औषधे एकत्र मिसळली जात होती, पऱ्हाटी (कपाशी) डोक्याइतकी वाढल्यावर फवारा तोंडावर कसा येतो, विक्रेत्याने पावतीवर काय लिहून दिले, हातमोजे आणि तोंडाची पट्टी कुणाकडे होती. त्याच हिवाळ्यात ‘पद्मावती’ या चित्रपटावरून देशभर आंदोलन चालले होते. त्या दोन गोष्टींची सांगड घालून लिहिलेले जे लेख मी वाचले, त्यांत औषधाचे नावसुद्धा नव्हते.

आणि लोकांची मते सुसंगत असतील अशी अपेक्षा ठेवू नका. आमिर खान यांचेच पाहा. २०१० मध्ये शेतकरी आत्महत्येवरच्या त्यांच्या निर्मितीच्या एका चित्रपटावर विदर्भ जनआंदोलन समितीने आक्षेप घेतला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी असहिष्णुतेबद्दल केलेल्या वक्तव्यावरून इतका राग उसळला की ते ज्या कंपनीची जाहिरात करत तिचे ॲप लोकांनी मोबाइलमधून काढून टाकले; आपल्याकडच्या पोरांनीही काढले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांतच, २०१६ च्या उन्हाळ्यात, त्यांच्याच पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली आणि त्यांतला एक तालुका अमरावती जिल्ह्यातला आपला वरुड होता, जिथे संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात पाणी पाताळात गेले होते. मी एप्रिल-मे महिन्यात तिथल्या एका शिवारात दिवस काढला. पहाटे पाचला टिकास-फावडी घेऊन आलेल्या माणसांत, समतल चर खोदता खोदता, एकजण मला म्हणाला की सिनेमा मी त्याचा पाहणार नाही, पण चर खोदीन. तो गंमत करत नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या नव्या चित्रपटावर बहिष्काराची हाक आली तेव्हा मला तोच माणूस आठवला. बहिष्काराच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिणारे दोघेही समजत होते की प्रेक्षक म्हणजे एक गठ्ठा आहे. प्रत्यक्षात एकाच माणसाच्या मनात राग, उपयोग आणि कृतज्ञता शेजारी शेजारी नांदत असतात, आणि ते लिहायला कुणी तयार नसते, कारण त्याला मथळा सुचत नाही.

वाद आपल्या दारात आला तेव्हा आपण काय केले, हेही तपासायला हवे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन नको अशी धमकी आली आणि त्यांना येऊ नका असे कळवण्यात आले. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, अनेक लेखकांनी बहिष्कार टाकला, आणि शेवटी ११ जानेवारीला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केलेली होती, आणि अशाच स्त्रियांना घेऊन उभ्या राहिलेल्या एका नाटकात त्या काम करत होत्या. त्यांचे भाषण झाले तेव्हा मंडपात जी शांतता होती ती मी विसरलेलो नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून जे लिहून आले ते जवळजवळ सगळे एकतर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर होते किंवा मराठी अस्मितेवर, आणि येडे यांचा उल्लेख ‘साध्या शेतकरी महिलेला मान’ एवढाच. यवतमाळच्या चहाच्या टपऱ्यांवर मात्र दोन वेगळे प्रश्न विचारले जात होते. पहिला, या सहगलबाईंचे आपण काय वाचले आहे? दुसरा अधिक टोकदार होता: वाद झाला नसता तर येडेताईंना कुणी बोलावले असते का? पहिल्या प्रश्नात आपले अज्ञान होते आणि दुसऱ्यात आयोजकांची कुचंबणा, आणि मला वाटते त्या संमेलनावर लिहिण्यासारखे खरे ते याच दोन प्रश्नांत होते. पुढे येडे यांनी लोकसभेची निवडणूक लढवली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांची प्रचारसभा ऐकली, हा तिसरा प्रश्न मी माझ्यातर्फे जोडतो.

तुम्ही पत्रात ऑनलाइन रमीबद्दल ओझरते लिहिले आहे आणि तो विषय सोडून दिला आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या हातातला सगळ्यात चांगला विषय तोच आहे, कारण प्रसिद्ध व्यक्तीचा वाद आणि आपले गाव यांत तिथे अंतरच उरत नाही. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घराबाहेर आंदोलन केले. ऑनलाइन गेमची जाहिरात करणार असाल तर भारतरत्न परत करा, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चा लगेच सचिनचा अपमान आणि कडूंची स्टंटबाजी या दोन रुळांवर गेली. मग जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाइलवर पत्ते दिसत असलेला व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले, ज्यावर काही लिहिण्याची गरजच नाही. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता गावात काय घडले ते पाहा. जाहिरातीच्या शेवटी ‘आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते’ ही सूचना जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून सक्तीची केली होती. ती इतक्या भरभर वाचली जाई की मराठी असूनही ती मराठी वाटत नसे. त्याआधीचे वीस-पंचवीस सेकंद ओळखीचा चेहरा हसत असे. माझ्या माहितीतल्या एका मुलाने कापूस विकून आलेल्या चुकाऱ्यातून सुरुवात केली, आधी पन्नास-शंभर जिंकले, मग खत-बियाण्यासाठी घेतलेले उसने पैसे घातले, आणि शेवटी बापाला न सांगता वावराचा कागद एकाकडे ठेवला. बंदी आली तेव्हा त्याचे ॲप बंद झाले. कागद अजून तिकडेच आहे. बापाला सचिनचा राग नाही, कारण त्याने जाहिरात पाहिलीच नव्हती. मुलालाही नाही. त्याला वाटते आपण नीट खेळलो नाही. हे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठी त्याच्याजवळ तासभर बसावे लागते, आणि असे बसणे तुम्हाला शक्य आहे, मुंबईच्या माणसाला नाही. त्याच्या शेजारी कायदा ठेवा: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र आपण पुरेशी खातरजमा केली होती असे तिने दाखवले तर ती सुटते. ही पळवाट वाचकाला नीट समजावून सांगा. नटाला शिव्या घालण्यापेक्षा ते कठीण आहे, पण वाचकाच्या उपयोगाचे आहे. बी-बियाणे आणि औषधांच्या जाहिरातींतही ओळखीचे चेहरे असतात, तेव्हा हा विषय बंदीने संपलेला नाही.

राहिला तुमच्या गावातल्या मुलीचा प्रश्न. तिला तुम्ही पत्रात ‘आमच्या तालुक्याची सेलिब्रिटी’ म्हटले आहे, ते मला मान्य नाही. हजारो लोक जिचे रील पाहतात तिच्याकडे वकील नाही, जाहिरातीचे पैसे नाहीत, आणि रोज त्याच बसने कॉलेजला जायचे आहे. सार्वजनिक व्यक्तीबद्दल आपण जी मोकळीक घेतो ती तिच्याबद्दल घेता येत नाही. तिने कोणते कपडे घालावेत यावर तुमचे मत काहीही असो, ते छापू नका. लिहायचेच असेल तर खाली शेरे लिहिणाऱ्यांवर लिहा. आपल्याकडे ही रीत जुनी आहे: शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, रात्री वर्गणी काढून नाचणाऱ्या मुली बोलवायच्या, पुढच्या रांगेत गावची कर्ती माणसे बसवायची, नोटा उधळायच्या, आणि सकाळी संस्कृती बुडाल्याची ओरड करायची. नागपूर जिल्ह्यात अशा ‘हंगामा’ कार्यक्रमांवर गुन्हेसुद्धा दाखल झाले. गावात नाव निघाले ते मात्र नाचणाऱ्यांचेच, कार्यक्रम ठरवणाऱ्यांचे नाही. तुमच्या गावातल्या गदारोळात कोण कोण बोलत आहे, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे व्हिडिओ पहिल्यांदा कुणी टाकले, आणि तिथेच तिचे कॉलेज सोडवण्याची भाषा कुणी केली, ही माहिती तुमच्यापाशी आहे. लिहिण्यापूर्वी तिला आणि तिच्या आईला भेटा, काय लिहिणार ते वाचून दाखवा. नाव, गाव, कॉलेज, अकाउंट यांतले काही येऊ देऊ नका. दारव्हा तालुक्यात एवढे लपवूनही लोक ओळखतील अशी शंका असेल तर लेख वर्षभर बाजूला ठेवा. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. शेऱ्यांत धमकी असेल तर लेखाआधी त्यांना सायबर पोलिसांकडे तक्रार करायला मदत करा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा.

तोवर रमीचा लेख हाती घ्या. कापसाची वेचणी सुरू होऊन पहिले चुकारे लोकांच्या खात्यात पडण्याआधी तो छापून यायला हवा. कायद्याने बंदी असली तरी त्याच खेळांच्या लिंक नव्या नावांनी मोबाइलवर येत आहेत.